टोपलीखालचे पाऊल

आमच्या घराला दार नव्हते, म्हणून आई घराला राखेचे कुलूप घालीत असे. दाराच्या जागी एक गोणपाट लोंबत होते. ते वाऱ्याला अडवीत नसे, माणसाला काय अडवणार. सकाळी कोळंबीच्या शेडवर निघण्यापूर्वी आई चुलीतली निवलेली राख जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घेई, वैद्याच्या चूर्णासारखी वस्त्रगाळ. मग पाठमोरी होऊन, घरातून बाहेर सरकत सरकत, गोणपाटाच्या आतल्या जमिनीवर ती राख चिमटीने पसरी. पट्टा एवढा रुंद असे की सहज पाऊल टाकून तो ओलांडता येऊ नये, आणि छप्पर इतके खाली होते की उडी मारणाऱ्याचे डोके बांबूवर आपटावे. संध्याकाळी परतल्यावर ती आधी गोणपाट बाजूला करी, उकिडवी बसे आणि त्या करड्या पट्ट्याकडे बघत राही. चिमणीची पावले गवताच्या काडीसारखी उमटत. चिंबोरी वाट चुकून आली असेल तर राखेवर शिवणीचे टाके पडत. उंदराच्या शेपटीची रेघ नागमोडी जाई. "आज कोणी आलं नाही," असे ती म्हणाली की आम्ही आत पाऊल टाकायचे. ते वाक्य ऐकल्याखेरीज मला अजूनही संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

वस्तीला नाव नव्हते. उरणातले लोक तिला नुसते 'भराव' म्हणत. जुन्या मिठागरांवर बंदराच्या रस्त्यासाठी मुरूम आणून ओतला होता. रस्ता पुढे दुसरीकडूनच गेला, भराव मागे उरला, आणि त्यावर आम्ही उरलो. जमिनीला मात्र आपल्या पोटातल्या मिठाचा विसर पडला नव्हता. कितीही सारवले तरी दोन दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी यावी तसे मीठ फुले, पायांच्या भेगांत शिरे आणि चुरचुरत राही. डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या. हवा दमट झाली की त्या गुणगुणत, एखादी बाई शब्द विसरून नुसती चाल म्हणत असावी तशा. खाडीला भरती आली की तिवरांच्या मुळांतून बुडबुड आवाज येई. ओहोटीला चिखलाचा कुजका, गोडसर वास झोपडीत येऊन बसे. आज त्या जागेवर लोखंडी कंटेनर एकावर एक रचलेले असतात आणि रात्रभर दिवे जळतात. परवा मोऱ्याच्या धक्क्याकडे जाताना रिक्षावाल्याला मी म्हटले, इथे आमचे घर होते. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. त्याचा विश्वास बसला नसावा. माझीही त्याबद्दल तक्रार नाही. संशय घेणाऱ्या माणसाला मी मुळात चूक समजत नाही.

आम्ही माणगावच्या आतल्या अंगाच्या गावातून आलो होतो, भाताची खाचरे भावकीत वाटून संपली तेव्हा. येताना आईने एक पितळी तांब्या आणला होता, तिच्या आईने दिलेला. भरावावरच्या पहिल्याच आठवड्यात तो गेला. कोणी नेला ते कळले नाही, आणि कळले नाही म्हणूनच ते प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेले आईला दिसू लागले. तेव्हापासून ती राख. तांदळाच्या पिशवीला ती डाव्या हाताची गाठ मारी. उजव्या हाताने कोणी सोडून पुन्हा बांधली तर तिला लगेच कळे. पाण्याच्या मडक्यावर, पाणी जिथवर असेल तिथे, ती चुन्याचे बोट ओढी. देवळातला प्रसाद आधी मोडून पाही. वस्तीत ती एकटीच अशी होती असे नाही. भरावावर रांधताना प्रत्येक जण गोणपाट खाली सोडी, आपल्या चुलीवर काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून. जणू लसणाला आणि सुक्या जवळ्याला गोणपाट ठाऊक असते.

शेडवरचे काम बर्फातले होते. ओल्या लादीवर बायका रांगेने बसत, पुढ्यात बर्फात पुरलेल्या कोळंबीचे ढीग. डोके मोडायचे, कवच सोलायचे, पाठीवरचा काळा दोरा नखाने ओढायचा. बर्फाने बोटे आधी लाल, मग पांढरी, मग कोणा दुसऱ्याचीच होत. कोळंबीच्या पाण्याने कातडी इतकी झिजे की आईच्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. (हल्ली रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. दुकानदार यंत्र पुसतो, तिचा अंगठा पुसतो, पुन्हा दाबतो. आई मला हळूच म्हणते, "मी मीच आहे की नाही ते यंत्राला पटत नाही बघ. शहाणं आहे.") सोललेले अंग मालकाचे, डोकी मात्र बायकांनी न्यावीत अशी तिथली रीत होती. ती डोकी आई तव्यावर करपेपर्यंत भाजी, लसूण आणि लाल मिरची घालून पाट्यावर वाटी, आणि त्या चटणीबरोबर आम्ही पेजेतला भात खात असू. आमच्या बालपणात कोळंबीला डोकेच तेवढे होते. तिचे अंग कोण खाते, कुठे खाते, हे आम्ही कधी पाहिले नाही.

बाबा करंजाच्या धक्क्यावर बार्जचा गंज खरवडत. पहाटे जात, दिवेलागणीला येत. त्यांच्या शर्टाला डिझेलचा, लोखंडाचा आणि ऊन लागलेल्या रंगाचा वास असे. त्यांच्या टाचा मिठाने आणि पत्र्याने चिरल्या होत्या. उजव्या टाचेला एक खोल, तिरपी भेग होती. रात्री जेवणे झाली की आई कोकमाचे मुठेल दिव्यावर पातळ करून त्या भेगेत भरी. ती बोलत नसे, तेही बोलत नसत. वितळलेल्या मुठेलाचा जड, तुपासारखा वास पसरे आणि माझी धाकटी बहीण छबी त्या वासावरच झोपे. ती तेव्हा दोन वर्षांची होती. आई शेडवर, मी नगरपालिकेच्या शाळेत आणि शाळेनंतर आईच्या मदतीला. तेव्हा छबीला दिवसभर सांभाळी ती शेजारची तुळसाक्का.

तुळसाक्का सोलापूरकडची. एकटी, उंच, रुंद हाडाची, भरावावर सर्वांत मोठा आवाज असलेली बाई. तिच्या आणि आमच्या घरात एकच कूड होता, बांबूवर ताणलेल्या पोत्यांचा. ती गोधड्या शिवी. पहाटेपासून तिच्या दाभणाचा आवाज पोत्यांतून येई, खस्... खस्... दोन टाक्यांमध्ये एक श्वास. मला तो आवाज घड्याळासारखा वाटे. तिच्या मांडीखाली चिंध्यांचा ढीग आणि त्या ढिगात छबी. तुळसाक्का तिला म्हणे, "माझी चिंधी ती. हिला मी मधल्या घडीत शिवून टाकणार." आई हसे, पण संध्याकाळी छबीला उचलून आणल्यावर तिच्या हातातली काळ्या मण्यांची जोडी जागेवर आहे का, ते चाचपून पाही.

त्या हिवाळ्यात मडक्यातले पाणी चुन्याच्या बोटाखाली जाऊ लागले. फार नाही, दोन-तीन पेले. आईने पहिल्यांदा मडके गळते का ते पाहिले. रात्रभर त्याच्याखाली कोरडे फडके ठेवले, ते कोरडेच राहिले. राख अस्पर्श होती. तांदळाची गाठ डावीच होती. नेले काहीच नव्हते, आणि त्यामुळे आईची झोप उडाली. "चोर असता तर नेलं असतं," ती बाबांना म्हणाली. "नेत नाही म्हणजे काहीतरी बघून जातो. जागा बघतो." भरावावर जागा हीच एक चीज होती. कागद कोणाकडेच नव्हता. ज्याची चूल पेटती, त्याची जागा. बाबा भाताचा घास हातात धरून म्हणाले, "ऊन वाढलंय. मडकं पीत असेल पाणी." आई म्हणाली, "हिवाळ्यात?" बाबांनी घास तोंडात घातला.

मला त्या दिवसांत आणखी एक गोष्ट जाणवली होती, पण मी ती कोणाला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असेच मला वाटले नाही. बाबांच्या शर्टाला डिझेलचा वास येईनासा झाला होता. त्याला धुराचा वास येई, आमच्याच चुलीच्या. खोक्यांच्या रंगीत फळ्या जाळल्यावर येतो तो कडवट, नाकात बसणारा वास. मी शर्ट घडी करताना त्यात नाक खुपसले आणि मला बरे वाटले, एवढेच. वासाचा अर्थ लावायचा असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आईचे नाक शेडच्या वासाने केव्हाच मेले होते.

आणि मग एका संध्याकाळी गोणपाट बाजूला करताच आई तिथेच थांबली. राखेच्या मधोमध पाऊल उमटले होते. एकच, उजवे, आत येणारे. टाच, बोटांचे पाच ठिपके, मधली खळगी, सगळे शाईच्या शिक्क्यासारखे. मी खाली वाकले तर आईने माझी वेणी धरून मला मागे ओढले. तिने घरातून मासळीची टोपली काढली, राखेला वारा लागू नये अशा बेताने ती त्या पावलावर उपडी ठेवली, आणि टोपलीवर दगड.

बाबा आले तेव्हा टोपली दारात होती. गोणपाट धरून ते उभे राहिले.

"हे काय?"

"चोराचा पाय झाकून ठेवलाय," आई म्हणाली. "वळसा घालून या."

बाबांनी वळसा घातला. त्या छोट्या घरात टोपलीला वळसा घालायचा म्हणजे कुडाला घासत यावे लागे. त्या दिवशी त्यांनी पाय धुवायला फार वेळ लावला. आई ओरडली, "अहो, पाणी!" तेव्हा कुठे ते थांबले. रात्री मुठेल लावायला आई बसली तर म्हणाले, "आज राहू दे. बरी आहे टाच."

दुसऱ्या दिवशी आईने नारळाच्या सुंभाचा एक दोरा काढला, टोपली किंचित उचलून टाचेपासून अंगठ्यापर्यंत मापला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि मनगटाला बांधला. लोकांना तो कुठल्या बुवाचा दोरा वाटला. त्यानंतरचे दिवस ती माणसांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. शेडच्या ओल्या लादीवर बायका उठून गेल्या की त्यांच्या पावलांच्या ओल्या ठशांवर ती वाके, दोरा लावी, पुन्हा बसे. नळावर कोणी चिखलात पाय रोवून हंडा उचलला की ती हंडा सोडून त्या खळग्याकडे धावे. "माये, काय हरवलंय गं तुझं?" एक म्हातारी म्हणाली. आई म्हणाली, "सापडलंय, मालक शोधतेय." पाणी आता चुन्याच्या बोटाला भिडून राही. राखेवर कोणी येत नव्हते. आईने त्यावरून एक निष्कर्ष काढला, आणि आजही मला त्या निष्कर्षाच्या रेखीवपणाची भीती वाटते: चोर सावध झाला, म्हणजे त्याला टोपलीचा पत्ता आहे, टोपली रस्त्यावरून दिसत नाही, म्हणजे ती पाहिली फक्त आत आलेल्या माणसाने, आणि एका संध्याकाळी छबीला सोडायला आत आली होती एकटी तुळसाक्का.

दोरा तुळसाक्काच्या चपलेला लागला. आईने तो तिच्या दाराबाहेर, ती पाणी भरायला गेली असताना लावून पाहिला. गाठीला गाठ. आई परत आली तेव्हा तिचा चेहरा एखादी अवघड बेरीज सुटल्यासारखा शांत होता. त्या दिवसापासून छबी शेडवर येऊ लागली. बर्फाच्या पाण्यात तिचे पाय निळसर पडत, रात्री ती खोकत राही, आणि प्रत्येक खोकल्याबरोबर कुडापलीकडचे दाभण थांबे. एकदा तुळसाक्का पोत्याला तोंड लावून म्हणाली, "वैनी, लेकराला कशाला बर्फात घालतीस? दे की माझ्याकडं."

आईने चूल फुंकत उत्तर दिले, "माझं घर बघून झालं असेल तर लेकरू देईन."

मग तुळसाक्काचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "तुझ्या घरात कोण येतंय ते तुझ्या घराला इचार. मला नगं इचारू."

आईला ती कबुली वाटली.

भरावावर चोरीला एकच शिक्षा होती. ज्याच्यावर चोरी शाबीत होई, त्याच्या छपराचे प्लॅस्टिक सगळे मिळून ओढून काढीत, आणि तो सूर्य मावळायच्या आत जाई. कुठे जाई, ते कोणी विचारीत नसे. हे ठरवणारा होता धर्मादादा, मिठागरावर आयुष्य काढलेला आगरी म्हातारा, जो भरावावर सर्वांच्या आधीपासून होता आणि सर्वांना 'पावणं' म्हणे. अमावास्येच्या उधाणाला बोटी गेल्या नव्हत्या, शेड आणि करंजाचा धक्का दोन्ही बंद होते. त्या दुपारी आईने त्याला बोलावले. हां हां म्हणता आमच्या दारात वस्ती जमली. तुळसाक्का तिच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्यामागे तिच्या गोधड्यांची चळत दिसत होती, आणि मला एकाएकी कळले की आज संध्याकाळी ती चळत कोणीतरी डोक्यावरून वाहून नेत असेल. बाबा कुडाला टेकून बसले होते. काडीने जमिनीवरचे मीठ खरवडत होते, गंज खरवडावा तसे.

"चप्पल मापली?" धर्मादादा म्हणाला. "पाय न्हाय मापला?"

"चप्पल पायाचीच असते," आई म्हणाली.

"व्हय व्हय. पन चोरी कराला चप्पल एकली आली व्हती का?" लोक हसले. त्याने खोक्याची एक फळी मागवली, तिच्यावर राख पसरायला लावली. "तुलसाबाय, ठेव पाय. लाजू नको, मी म्हातारा हाय."

तुळसाक्काने चपला काढल्या. त्या काढल्यावर तिचे पाऊल त्यांच्यातून इतके लहान निघाले, की जमलेल्या बायकांतून 'अगं बाई' असा आवाज उठला. तिने पाय फळीवर ठेवला आणि उचलला. धर्मादादाने आईच्या मनगटावरचा दोरा सोडून त्या ठशावर धरला. दोन बोटे दोरा पुढे उरला.

"चपला माझ्या मालकाच्या हायत्या," तुळसाक्का म्हणाली. "त्यो गेला, चपला ऱ्हायल्या. टाकू व्हय? चालत्यात अजून." मग ती आईकडे वळली. तिचा आवाज आता पुन्हा भरावाएवढा मोठा झाला होता. "माझा पाय बघितला न्हवं समद्यांनी? आता समद्यांचं बघा. आनि आधी हिच्या घरातलं बघा."

"घरातलं कशाला?" आई म्हणाली.

"घरातले पाय घरात पडत्यात म्हनून."

माझा पाय ठेवून झाला, आईचा झाला. हसणे सैल होत चालले होते. खेळ झाल्यासारखे झाले होते. बाबा उठले नाहीत. धर्मादादाने त्यांना हाताला धरून उठवले. "ये रं बाबा. लाजतंस कनाला? नवरा हायस का नवरी?" बाबांनी पाय ठेवला. उचलला. मी फळीजवळच होते. टाचेच्या ठशात एक तिरपी, बारीक, उंचावलेली रेघ होती, जिथे भेगेखालची राख दबली नव्हती. धर्मादादाने दोरा ठेवला. गाठीवर गाठ बसली. त्याने दारातली टोपली उचलली. आतले पाऊल कडांनी ढासळले होते, पण ती तिरपी रेघ तिथेही होती.

सगळा भराव हसला. "मालकच चोर!" "बायकोनं नवऱ्याचा पाय कोंडलान आठ दिस!" "टोपलीखाली कोंबडं ठेवतात गो, नवरा न्हाय!" धर्मादादा तर खोकेपर्यंत हसला. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता. आपल्या घरात आपले पाऊल, त्यात गुन्हा कसला?

पण ते पाऊल दुपारी उमटले होते. पहाटे बाबा गेल्यावर आईने राख पसरली होती आणि दिवेलागणीला बाबा यायच्या आधी ते पाऊल उमटलेले पाहिले होते. दुपारी बाबा करंजाच्या धक्क्यावर असायला हवे होते. मला शर्टाचा वास आठवला. मी आईकडे पाहिले. आई हसत होती, सर्वांपेक्षा मोठ्याने, पदराचा बोळा तोंडाला लावून. "मेलं, माझंच डोकं फिरलं," ती म्हणाली. "डबा विसरले होते ते त्या दिवशी. न्यायला आले असतील. मला आठवलंच नाही."

डबा विसरला नव्हता. त्या पहाटे तो मीच त्यांच्या हातात दिला होता. झाकण घट्ट बसत नव्हते म्हणून वर फडके बांधले होते. आईने माझ्याकडे एकदा पाहिले. मी खाली बघितले.

फार वर्षांनी, आई शेजारच्या खोलीत असताना, बाबांनी मला सांगितले. धक्क्यावर पितळेचा एक नळ गेला होता आणि मुकादमाने गंजवाल्या सगळ्यांना काढले होते. कोणी नेला ते कळले नव्हते. पगाराच्या दिवसापर्यंत दुसरे काम मिळेल असे त्यांना वाटले. सकाळभर ते काम शोधत, उन्हे चढली की येऊन घरात पडून राहत, गोणपाटाच्या कडेच्या मेढीच्या खांबाला धरून, वाकून, लांब ढांग टाकून राख ओलांडत. "त्या दिवशी बाहेर कोणाची तरी चाहूल लागली. घाईत पाय पडला." मी विचारले, आईला का नाही सांगितले? "तिनं आधी माझी पिशवी उघडून पाहिली असती," ते म्हणाले, आणि मग, तिचा अपमान झाला असे वाटून की काय, घाईने पुढे म्हणाले, "तिचं चुकलं नसतं."

तुळसाक्काला सर्व ठाऊक होते, हे उघड आहे. पोत्याच्या कुडातून श्वाससुद्धा ऐकू येई. तिने दुपारी बाबांचा खोकला ऐकला असणार, पाणी ओतल्याचा आवाज ऐकला असणार. ती एका वाक्यात सुटू शकली असती. त्याऐवजी तिने पाय मागितले. आई दुसऱ्या दिवशी तिच्याकडे वाडगाभर चटणी घेऊन गेली. तुळसाक्काने वाडगा घेतला, रिकामा करून, धुऊन परत दिला, आणि म्हणाली, "वैनी, तुझी राख तुला लखलाभ." छबीला तिने पुन्हा घेतले. पण आपले अंथरूण आणि चिंध्या तिने पलीकडच्या कुडाला हलवल्या. दाभणाचा आवाज त्यानंतर आमच्याकडे कधी आला नाही. मी रात्री कान लावून पाही.

मला जे कळत नाही ते आईचे. जी बाई महिनोन् महिने रोज रात्री त्या भेगेत मुठेल भरत होती, तिच्या बोटांना ती भेग पाठ असणार. राखेतली रेघ तिला ओळखू आली नसेल? टोपली तिने पाऊल जपायला घातली होती, की झाकायला? सगळ्या भरावाचे पाय मापणाऱ्या तिने घरातल्या खुंटीला लटकणाऱ्या बाबांच्या जुन्या वहाणांना एकदाही दोरा का लावला नाही? आणि जर तिने ओळखले होते, तर तुळसाक्काचे छप्पर? या प्रश्नांपाशी मी आले की थांबते. आई आता थकली आहे, माझ्याच घरी असते. दाराला दोन कड्या आणि एक काचेचा डोळा आहे, त्यातून ती प्रत्येक बेलला बघते. मी विचारले तर ती उत्तर देईल. त्या उत्तरावर माझा विश्वास बसणार नाही, म्हणून मी विचारीत नाही.

निवाड्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिने नेहमीप्रमाणे बाबांचा डबा भरला. झाकणावर फडके बांधले. बाबांनी तो घेतला, क्षणभर उभे राहिले, काहीतरी बोलणार असे वाटले. आईने पाठ फिरवून चूल सावडायला घेतली. ते गेले. मग तिने राख गाळली आणि पाठमोरी होऊन, चिमटीने, सावकाश पसरली. मी दप्तर घेऊन बाहेर थांबले होते. गोणपाट सोडण्यापूर्वी मी पाहिले: मेढीला लागून, पाऊल मावेल एवढी जागा तिने कोरी सोडली होती.

संध्याकाळी आम्ही परतलो. तिने गोणपाट बाजूला केले, उकिडवी बसली, नेहमीइतकाच वेळ पाहिले. राखेवर चिमणीखेरीज कोणी उमटले नव्हते. आत मडक्यातले पाणी चुन्याच्या बोटाखाली गेले होते.

"आज कोणी आलं नाही," आई म्हणाली, आणि कळशी घेऊन नळावर गेली.